भंगारातील सायकल

कल्याण स्थानक मागे टाकून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली, की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. या स्थानकाजवळ जी दाट वस्ती पसरली आहे, ती उल्हासनगरचा कॅम्प ४. गावाच्या नावात ‘कॅम्प’ हा शब्द कसा आला, असा प्रश्न परक्या माणसाला पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या माळावर लष्कराची छावणी होती. सैनिकांसाठी येथे बराकींच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. युद्ध संपले, सैनिक निघून गेले आणि बराकी ओस पडल्या. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना याच रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी कुटुंबांच्या शेजारी मराठी व इतर भाषा बोलणारी कुटुंबेही येथे राहू लागली. कॅम्प ४ मधील एका भागाला तर मराठा सेक्शन असेच नाव आहे.

काही वर्षांपूर्वी या मराठा सेक्शनमध्ये सातवीत शिकणारा एक मुलगा राहत होता. त्याचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जात. आई घरी शिवणकाम करी. रात्रपाळी सुटल्यावर वाहन मिळाले तर ठीक, नाही तर वडील पायीच घरी येत. त्यांच्या चपलांचा आवाज आला, की आई चहाचे आधण ठेवी. मुलाची शाळाही घरापासून दूर होती. आपल्याजवळ एक सायकल असावी, असे त्याला फार वाटे. परंतु घरातील खर्चाची तोंडमिळवणी तो रोज पाहत होता, म्हणून त्याने आपली इच्छा कधी बोलून दाखवली नाही.

शाळेच्या वाटेवर भंगाराचे एक दुकान होते. एके दिवशी तेथील ढिगाऱ्यात त्याला एक सायकल दिसली. तिची चाके वाकडी झाली होती. सीटचे चामडे फाटून आतील स्प्रिंगा वर आल्या होत्या. साखळी गंजून एखाद्या काठीसारखी ताठ झाली होती. हँडलखालच्या नळीवर मात्र एक पितळी पट्टी होती. मुलाने ती बोटाने पुसली, तेव्हा तिच्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चित्र दिसू लागले.

“हिचे काय करणार?” त्याने दुकानदाराला विचारले.

“उद्या सकाळी तोडणार,” दुकानदार म्हणाला. “लोखंड वेगळे, पितळ वेगळे, रबर वेगळे.”

मुलगा तेथून निघाला, तो थेट नाक्यावरच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात गेला. तेथील वृद्ध मिस्त्री सिंधी होते. त्यांचा जन्म कॅम्पमधलाच. त्यांचे वडील सिंधमधून आले, तेव्हा त्यांच्याजवळ हवा भरण्याचा एक पंप, दोन पाने आणि पाण्याचे एक घमेले एवढेच भांडवल होते. एका झाडाखाली बसून त्यांनी धंदा सुरू केला. मुलाने हे दुकान उभे केले आणि आता त्याचेही केस पांढरे झाले होते. आसपासची सारी मुले त्यांना मिस्त्रीकाका म्हणत.

“काका, उद्या ती सायकल तोडणार आहेत. एकदा पाहता का?” मुलगा धापा टाकीत म्हणाला.

मिस्त्रीकाका हसले नाहीत. त्यांनी हात पुसले, खिशात सुतळीचा एक तुकडा टाकला आणि ते त्याच्याबरोबर निघाले.

दुकानात जाताच त्यांनी प्रथम सायकल कोठून आली, याची चौकशी केली. एक जुनी चाळ पाडताना तिच्या माळ्यावर ती सापडली होती आणि घरमालकाने इतर सामानाबरोबर ती विकली होती. तसे त्यांनी दुकानदाराकडून कागदावर लिहून घेतले व सायकलीवर कोरलेला क्रमांकही त्याखाली टिपला. “चोरीची वस्तू सुधारण्यात शहाणपण नाही,” ते मुलाला म्हणाले. मग त्यांनी मागच्या चाकाच्या आसाजवळ सुतळीचे एक टोक धरायला मुलाला सांगितले. सुतळी पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने ती पुन्हा आसापर्यंत आणली. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर त्यांनी मोजले. ते सारखेच भरले.

“सांगाडा सरळ आहे,” ते म्हणाले. “सांगाडा वाकला असता, तर मी तुला परत पाठवले असते. चाक बदलता येते, साखळी बदलता येते. परंतु कणाच मोडला असेल तर बाकीचे सारे व्यर्थ.”

सायकल वजनाच्या भावाने मिळाली. गणपतीला आलेल्या मामांनी व आत्याने दिलेले खाऊचे पैसे मुलाने जपून ठेवले होते. ते त्यासाठी पुरले. दुरुस्तीबाबत मिस्त्रीकाकांनी एक अट घातली. “शाळा सुटल्यावर रोज एक तास यायचे. मी दाखवीन, हात मात्र तुझे चालले पाहिजेत.”

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. पहिले काम होते सायकल उकलण्याचे. काढलेला प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि डब्यावर खडूने नाव लिहायचे, असा मिस्त्रीकाकांचा नियम होता. “उकलणे सोपे, जोडणे अवघड,” ते म्हणत. “जोडताना आठवण दगा देते, डबा दगा देत नाही.”

डाव्या पायडलाशी मुलाची पहिली झटापट झाली. सर्व शक्ती लावून त्याने पाना डावीकडे फिरवला. पण पायडल तसूभरही हलेना. मिस्त्रीकाका शांतपणे पाहत होते. अखेर ते म्हणाले, “तू ते सोडवत नाहीस, अधिकच आवळतो आहेस.” सायकलीच्या उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे असतात. दोन्हीकडे सारखेच आटे ठेवले, तर चालवता चालवता डावे पायडल सैल होऊन गळून पडेल. हे कळल्यावर मुलाने पाना उजवीकडे फिरवला. आट्यांवर रॉकेल सोडलेले होतेच. एक कुरकुर झाली आणि पायडल सुटले. जोर कमी पडला नव्हता, समज कमी पडली होती, हे त्याच्या ध्यानात आले.

पायडलांच्या मधला आस उघडला, तेव्हा वाळलेल्या काळ्या ग्रीसमधून लहान लहान छर्रे बाहेर आले. प्रत्येक बाजूस अकरा. मुलाने ते रॉकेलात धुतले. काही आरशासारखे चमकू लागले. काहींवर खड्डे पडले होते. सायकल हलकी चालते ती या छर्‍यांमुळे. लोखंडावर लोखंड घासले तर दोन्ही झिजतात. मध्ये गोल छर्रे असले तर ते घरंगळतात आणि घर्षण फार कमी होते. परंतु एकाच छर्‍यावर खड्डा असला, तरी तो शेजारच्यांना आणि ज्या वाटीत ते फिरतात तिलाही खराब करतो. म्हणून मिस्त्रीकाकांनी सर्वच छर्रे नवे घालायला लावले.

नंतर चाकांची पाळी आली. पुढच्या चाकाला बत्तीस तारांची भोके होती, मागच्याला चाळीस. मुलाने दोनदा मोजले आणि हा फरक का, असे विचारले. “स्वार कुठे बसतो?” मिस्त्रीकाकांनी उलट विचारले. उत्तर त्याचे त्यालाच मिळाले. स्वाराचे आणि कॅरिअरवरील ओझ्याचे वजन मुख्यतः मागच्या चाकावर पडते, म्हणून त्याला तारा अधिक लागतात. या तारा बैलगाडीच्या आऱ्यांसारख्या खालून टेकू देत नाहीत. त्या सतार-तानपुऱ्याच्या तारांप्रमाणे ताणलेल्या असतात आणि त्यांच्या ताणामुळे रिम गोल राहते. एका बाजूच्या तारा ढिल्या झाल्या, की चाक डोलू लागते. या डोलण्याला कारागीर ‘आऊट’ म्हणतात. मिस्त्रीकाका फिरत्या चाकाजवळ खडू धरीत. जेथे रिम बाहेर येई, तेथे खूण उमटे. मग तेथील एक तार जराशी आवळायची, समोरची जराशी सैल करायची. मुलाने एकदा घाईने तार पुष्कळ आवळली, तेव्हा चाक दुसऱ्याच बाजूला वाकले. दोन चाकांचा आऊट काढायला त्याला चार संध्याकाळी लागल्या.

फुरसतीच्या वेळी मिस्त्रीकाका सायकलीच्या जन्माची कथा सांगत. १८१७ साली जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे एक लाकडी वाहन बनवले. त्याला पायडले नव्हती. बसलेला माणूस पायांनी जमीन मागे ढकलीत पुढे जाई. पुढे पायडले आली, पण ती पुढच्याच चाकाला जोडलेली असत. वेग वाढावा म्हणून ते चाक माणसाच्या छातीइतके उंच करण्यात येऊ लागले आणि स्वार पडला, की डोक्यावरच आपटू लागला. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची केली आणि साखळीने मागचे चाक फिरवले. आजच्या सायकलीचा साचा तेथे तयार झाला. पुढे जॉन डनलप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर बनवला आणि दगडधोंड्यांच्या वाटेवरील हादरे कमी झाले.

मुलाने आपल्या सायकलीच्या पुढच्या चकतीचे दात मोजले. ते अठ्ठेचाळीस होते. मागच्या फ्रीव्हीलला अठरा होते. म्हणजे पायडल एकदा फिरले, की मागचे चाक दोन पूर्ण दोन तृतीयांश वेळा फिरणार. चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर भरला. पायाच्या एका फेरीत जवळजवळ सहा मीटर वाट! गणिताच्या वहीत त्याने हा हिशेब लिहिला, तेव्हा उंच चाकाची गरज का उरली नाही, हेही त्याला उमगले.

पंधरा दिवसांत सायकल ओळखू येईनाशी झाली. काळा रंग पुसून स्वच्छ झाला, नवी साखळी बसली, ब्रेकना नवे रबर लागले. आता केवळ पुढचा चिमटा बसवायचा राहिला होता. पुढचे चाक ज्यात बसते आणि हँडल ज्याला वळवते, तो हा भाग. मुलगा आनंदात होता. येत्या रविवारी सायकल रस्त्यावर आणायची, असे त्याने मनाशी ठरवले होते.

त्या संध्याकाळी मिस्त्रीकाकांनी चिमटा रॉकेलात बुडवून काढला आणि फडक्याने कोरडा केला. मग त्यांनी खडूची पूड पाण्यात कालवून तिचा पातळ लेप चिमट्याच्या माथ्यावर दिला आणि तो वाळू दिला. मुलगा नवलाने पाहत राहिला. थोड्याच वेळात पांढऱ्या लेपावर केसासारखी बारीक, काळपट रेघ उमटू लागली.

“ही भेग,” मिस्त्रीकाका म्हणाले. “डोळ्यांना दिसत नव्हती. पण रॉकेल तिच्यात शिरून बसले होते. खडूने ते शोषून बाहेर काढले. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांतही गाड्यांचे आस असेच तेल आणि खडू लावून तपासत असत.”

मुलाचे तोंड उतरले. “काका, एवढीशी तर रेघ आहे. वरून रंग लावला तर दिसणारही नाही.”

“दिसणार नाही, हे खरे. रंग दोष झाकतो. तो दोष काढीत नाही.”

“मग वेल्डिंग करू या.”

“नळी पातळ आहे. सांधा धरेल, पण उष्णतेने शेजारचे लोखंड कमजोर होईल. मागचे काही मोडले तर माणूस थांबतो. पुढचा चिमटा मोडला तर माणूस तोंडावर पडतो, आणि मागून ट्रक येत असतो.”

“मी हळू चालवीन. ओझे नेणार नाही. मीच तर बसणार आहे!”

मिस्त्रीकाकांनी चिमटा बाजूला ठेवला. “आज तू बसशील. उद्या कोण बसेल, हे तुला ठाऊक आहे का? माझ्या हातून गेलेल्या सायकलीवर कोणीही निर्धास्त बसले पाहिजे. दुसरा चिमटा मिळेपर्यंत ही सायकल येथून हलायची नाही.”

मुलगा रागावून घरी गेला. दोन दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत त्याने सारी हकीकत आपल्या गुरुजींना सांगितली. गुरुजींनी मिस्त्रींची बाजू घेतली नाही आणि मुलाचीही समजूत घातली नाही. त्यांनी त्याला पुण्याच्या एका संग्रहालयाची माहिती सांगितली. पुण्यातील कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. २०१७ साली ते लोकांसाठी खुले झाले. तेथे शंभराहून अधिक सायकली आहेत. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकलही त्यांत आहे. ती बनवणारी कंपनी म्हणजे बी.एस.ए. मूळची बंदुका बनवणारी. म्हणूनच तिच्या चिन्हात तीन बंदुका आहेत.

मुलाचे डोळे चमकले. “म्हणजे माझी सायकल या छावणीतल्या एखाद्या सैनिकाची असेल?”

“तसा पुरावा तुझ्याजवळ आहे का?” गुरुजींनी विचारले.

“नाही.”

“मग तसे म्हणू नये. त्या कंपनीच्या सायकली दूधवाले, टपालवाले, कारकून, शिक्षक असे कितीतरी लोक वापरीत. ही कोणाची होती ते आपणांस माहीत नाही. आता ती कोणाच्या उपयोगी पडेल, एवढे मात्र तुझ्या हातात आहे.”

त्या संध्याकाळी मुलगा पुन्हा दुकानात गेला. मिस्त्रीकाका काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे पाना दिला. त्याच धाटणीचा चिमटा शोधण्यासाठी त्या दोघांनी ओळखीची सर्व दुकाने पालथी घातली. एक मिळाला, तो आखूड होता. दुसऱ्याचे आटे जुळले नाहीत. महिनाभराने कल्याणच्या एका कारागिराकडे जुना, पण निर्दोष चिमटा मिळाला. मुलाने तो घरी आणला आणि कोणी न सांगता प्रथम रॉकेलाची व खडूची परीक्षा घेतली. लेप पांढराच राहिला.

सायकल पूर्ण झाली, तेव्हा मुलाने विचारले, “काका, हिला लाल रंग देऊ या का?”

“सायकल तुझी आहे,” मिस्त्रीकाका म्हणाले, “पण जुना रंग अजून लोखंडाला धरून आहे. जेथे उडाला आहे, तेथे गंज चढू नये एवढी काळजी घे. वय झाले म्हणून कोणी तोंड लपवीत नाही.”

मुलाने काळा रंग तसाच ठेवला आणि पितळी पट्टी तेवढी घासून लख्ख केली.

रविवारी सकाळी तो सायकल घेऊन निघाला. वालधुनी नदीच्या काठी, अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर आहे. इ. स. १०६० मधील शिलालेख तेथे आहे. मुलगा त्या मंदिरापर्यंत गेला आणि परत आला. चाके डोलली नाहीत, साखळी उतरली नाही, ब्रेक वेळेवर लागले. घराशी पोहोचला तेव्हा वडील रात्रपाळीच्या तयारीसाठी डबा घासून ठेवीत होते. त्यांचा उजवा पाय सुजला होता. चालून चालून त्यांचा पाय सुजतो, हे मुलाने पूर्वीही पाहिले होते. त्या दिवशी मात्र ते त्याच्या मनाला लागले.

“बाबा,” तो म्हणाला, “आज तुम्ही सायकल न्या.”

“आणि तुझी शाळा?”

“शाळा सकाळी असते. तुमची रात्रपाळी सुटून तुम्ही आलात, की मी नेईन.”

वडिलांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. हँडल दाबून पाहिले, ब्रेक दाबून पाहिले. मग जेवणाचा डबा कॅरिअरला बांधला आणि ते निघाले. त्या रस्त्यावर एक मोठा खड्डा होता. पुढचे चाक धाडकन त्यात गेले आणि बाहेर आले. वडिलांनी मागे वळून हात हलवला व ते दिसेनासे झाले.

मुलगा मात्र दारातच उभा राहिला. खड्ड्यातून गेलेल्या त्या चाकाकडे पाहताना त्याच्या छातीत धस्स झाले होते. पांढऱ्या लेपावर उमटलेली ती केसाएवढी रेघ त्याला आठवली. तो तसाच धावत नाक्यावर गेला. मिस्त्रीकाका दुकानाची फळी लावीत होते.

“काका,” तो म्हणाला, “बाबा सायकलवर गेले.”

मिस्त्रीकाकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग हातातली फळी त्यांनी त्याच्याकडे दिली आणि दोघांनी मिळून दुकान बंद केले.

अभ्यास

१. उल्हासनगरच्या नावात ‘कॅम्प’ हा शब्द कसा आला?
२. सांगाडा सरळ आहे की नाही, हे मिस्त्रीकाकांनी कसे ओळखले?
३. मागच्या चाकाला पुढच्या चाकापेक्षा अधिक तारा का असतात?
४. ‘रंग दोष झाकतो, तो दोष काढीत नाही.’ हे वाक्य कोणी, कोणास व केव्हा म्हटले? ते सायकलीखेरीज आणखी कशाला लागू पडते?
५. सायकल सैनिकाची होती असे म्हणू नये, असे गुरुजींनी का सांगितले?
६. पुढच्या चकतीला चव्वेचाळीस दात व फ्रीव्हीलला बावीस दात असतील, तर पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरेल?
७. तुमच्या घरातील एखादी नादुरुस्त वस्तू पाहा. तिचा कोणता भाग निकामी झाला आहे आणि कोणते भाग अजून चांगले आहेत, ते आठ-दहा ओळींत लिहा.